‘नॅशनॅलिटी वेव्हर’चे ६५ हजार

खेड, चिपळूण, गुहागरकडच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक जाहिरात फिरते आहे. सौदी हवाई दलाच्या तळावर इंग्रजी इन्स्ट्रक्टर पाहिजेत, पगार महिना १४ हजार रियाल, राहणं-तिकीट कंपनीचं. याच जाहिरातीपायी माझे १ लाख ५ हजार रुपये गेलेत, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नोकरी खोटी नाही, मेख इथेच आहे. सौदीच्या लष्करी तळांवर कॅडेटना आणि तंत्रज्ञांना इंग्रजी शिकवायचं काम परदेशी कंत्राटदार कंपन्या खरोखर करतात. बरीचशी विमानं अमेरिकी, त्यांची मॅन्युअलं इंग्रजीत. भाषा आल्याशिवाय पुढचं ट्रेनिंगच सुरू होत नाही. टेक्सासमधल्या लॅकलँड तळावर डिफेन्स लँग्वेज इन्स्टिट्यूट आहे, तिचा ‘अमेरिकन लँग्वेज कोर्स’ अशा ठिकाणी शिकवतात आणि इंग्रजी कितपत समजतं ते मोजणारी ‘ईसीएल’ नावाची परीक्षा घेतात. ज्या एजंटाशी माझी गाठ पडली त्याला हे सगळं पाठ होतं. त्याने कोर्सच्या पुस्तकांच्या पीडीएफ पाठवल्या, बहादूरशेख नाक्याजवळच्या एका लॉजवर बसवून नमुना प्रश्न सोडवून घेतले. एम.ए., बी.एड. होऊन विनाअनुदानित कॉलेजात तासिका तत्त्वावर राबणाऱ्याशी इतकं विषयाला धरून एरवी कोण बोलतं? ‘फाइल चार्ज’ म्हणून ४० हजार त्याने तिथेच रोख घेतले. पावती नाही.

पासपोर्टबद्दल मात्र तो अवाक्षर बोलला नाही.

ते बोलले शेजारच्या मोहल्ल्यातले एक चाचा. दम्मामला उभी हयात काढून आलेले. म्हणाले, “बेसवर इंग्रजी शिकवायला? तुझ्या पासपोर्टावर? अरे, तिथे अमेरिकन नाहीतर ब्रिटिश मास्तर घेतात.” मग मी कंपन्यांच्या खऱ्या जाहिराती शोधून वाचल्या. बहुतेकींमध्ये स्पष्ट लिहिलेलं: अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, काही ठिकाणी दक्षिण आफ्रिका, यांपैकी एका देशाचा पासपोर्ट हवा. पदवी आणि सेल्टासारखं इंग्रजी शिकवण्याचं सर्टिफिकेट त्याशिवाय वेगळं. तुमचे उच्चार कितीही चोख असोत, तुम्ही मुंबई विद्यापीठाचे गोल्ड मेडलिस्ट असा, अर्ज पासपोर्टाच्या रकान्यातच अडतो. हे न्याय्य आहे का, हा वेगळा वाद. मला विचाराल तर नाही. पण अशी अट बहुतेक वेळा ज्याच्यासाठी शिकवायचं त्या ग्राहकाने, म्हणजे तिथल्या लष्करी खात्याने कंत्राटात घातलेली असते. खुद्द कंपनीच्या मॅनेजरलाही ती परस्पर मोडता येत नाही, मग चिपळुणातल्या लॉजवर ती कोण मोडणार?

एजंटाला जाब विचारला तर गडी जराही गडबडला नाही. “सर, अट आहेच. मी कुठे नाही म्हणतोय? तीच तर आपण शिथिल करून घेतो.” दुसऱ्या दिवशी अरबी-इंग्रजी लेटरहेडवर पत्र आलं. कर्नल हुद्द्याची सही, गोल शिक्का, खाली ‘नॅशनॅलिटी वेव्हर, इंडियन कोटा’, म्हणजे राष्ट्रीयत्वाच्या अटीतून सूट. त्याचे ६५ हजार, आणि तेही परवापर्यंत, नाहीतर जागा केरळच्या उमेदवाराला. खरी अट लपवून त्याने पहिले पैसे काढले, आणि ती उघडी पडल्यावर तीच पुढे करून दुसरे. मी कितीतरी खोटे एजंट ऐकून आहे, पण खऱ्या माहितीवर इतका सफाईने धंदा करणारा हाच.

तिसरी मागणी ९० हजारांची होती, ‘यूएस सिक्युरिटी क्लिअरन्स फी’, म्हणजे सुरक्षा तपासणीनंतरच्या परवानगीची. ती मी भरली नाही. अमेरिकी सरकारचा क्लिअरन्स फक्त अमेरिकी नागरिकांना मिळतो, त्याची प्रक्रिया कंपनी सुरू करते, आणि उमेदवाराकडून त्याचा एक छदामही घेत नाहीत. हे त्याला सांगितलं आणि त्याच संध्याकाळी फोन बंद.

आपल्याकडचा कायदाही माहीत असू द्या. १९८३च्या उत्प्रवासन कायद्याप्रमाणे परदेशी नोकरीसाठी माणसं भरणाऱ्या एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाकडची नोंदणी लागते, आणि ती ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर कोणालाही तपासता येते. सेवाशुल्काची कमाल मर्यादा ३० हजार रुपये अधिक जीएसटी. सब-एजंट हा प्रकार कायद्याला मान्यच नाही. सौदीच्या कामगार कायद्यातही भरतीचा, इकाम्याचा (राहण्याच्या परवान्याचा) आणि वर्क परमिटचा खर्च मालकावर आहे. बाकी आखातात भारतीय शिक्षकांना वाव नाही असं नाही. तिथल्या सीबीएसई शाळांत आपलं बी.एड. चालतं, पगार १४ हजार रियालच्या जवळपासही नसतो इतकंच.

६५ हजार यूपीआयने गेले होते, म्हणून १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार घेतली गेली. खातं परराज्यातल्या कुणाचं तरी निघालं आणि गोठवेपर्यंत रिकामं झालं होतं. रोख ४० हजारांचा पुरावा म्हणजे फक्त लॉजवरचा एक फोटो. ओळख करून देणारा आपल्याच तालुक्यातला मास्तर पोलिसांसमोर म्हणाला, “मी फक्त नंबर दिला.” पोलिसांतली तक्रार चालू आहे. परराष्ट्र मंत्रालयाच्या उत्प्रवासी संरक्षकांच्या मुंबई कार्यालयालाही लिहिलं आहे.

जाहिरातीत आता सौदीच्या जागी ओमानचं नौदल आलंय आणि नंबर नवा आहे. नोंदणी क्रमांक याही जाहिरातीत नाही. दापोलीतल्या दोघा-तिघांनी ‘फाइल चार्ज’ भरल्याचं कानावर आलंय. त्यांच्यापैकी कोणी हे वाचत असेल, तर ‘वेव्हर’चं पत्र येण्याआधी पोलीस ठाणं गाठा, आणि माझ्याकडचे स्क्रीनशॉट हवे असतील तर मागून घ्या.