लेफ्टला माणूस नाही: उजव्या पायाचा तिकडं टाकायचा की लेफ्ट बॅकला वर ढकलायचं?

फुटबॉल टीममध्ये राईट आऊट, म्हणजे उजव्या कडेचा पुढचा माणूस, व्हायला चौघं भांडतात, सेंटर हाफ तर प्रत्येकालाच व्हायचंय, आणि लेफ्टला उभं करायला एक माणूस नाही. डाव्या पायाची पोरं मुळातच कमी, त्यातनं एखादं सापडलंच तर त्याला बारक्या वयातच लेफ्ट बॅकला, म्हणजे डाव्या बाजूच्या डिफेन्सला, टाकून कोच मोकळा होतो, कारण तिथंही दुसरं कुणी नसतंय. मग मिडफिल्डची डावी बाजू रिकामी ती रिकामीच. कोल्हापुरात आमच्या पेठेतल्या टीमचं मी बघतो. कोच म्हणणं जरा जास्त होईल, टीम लावायची, किट गोळा करायचं आणि हरल्यावर गॅलरीतल्या शिव्या खायच्या, एवढंच काम. पण हा प्रश्न मला दर सीझनला सोडवायला लागलाय, म्हणून ज्यांचं अजून ठरत नाहीये त्यांच्यासाठी लिहितोय. 4-4-2 म्हणजे मागं चार बॅक, मध्ये चार हाफ (मिडफिल्डर) आणि पुढं दोन फॉरवर्ड, एवढं धरून चाला.

आधी जरा धीर देतो. एवढ्या पैशावाल्या इंग्लंडला सुद्धा हे कित्येक वर्षं जमलं नव्हतं. डाव्या पायाचा रायन गिग्ज वेल्सकडनं खेळायचा, त्यामुळं इंग्लंडचा तेव्हाचा कोच एरिक्सनच्या हाताला लागेल तो माणूस लेफ्टला. 2001 ला म्युनिकमध्ये जर्मनीला 5-1 धुतलं त्या मॅचला तिथं निक बार्मबी होता. 2002 च्या वर्ल्ड कपला स्वीडनविरुद्ध तर हेस्की, म्हणजे चक्क फॉरवर्ड. पुढच्याच मॅचला अर्जेंटिनासमोर हारग्रीव्ह्ज जखमी झाला म्हणून ट्रेव्हर सिंक्लेअर आत आला, तोही उजव्या पायाचा, पण बिचारा झकास खेळला. 2004 च्या युरोला जेरार्ड आणि लॅम्पार्ड दोघांना मध्ये बसवायचं म्हणून स्कोल्सला लेफ्टला ढकललं, स्कोल्सला, मधल्या पक्क्या माणसाला! स्पर्धा संपल्यावर थोड्याच दिवसांत त्यानं देशाकडनं खेळणंच सोडलं. घरच्यांना वेळ द्यायचाय म्हणाला, असेलही खरं, पण आपल्या मनात शंका येतेच की.

तर आपल्यासारख्यांकडं खरे पर्याय दोनच. उजव्या पायाचा एखादा चांगला खेळाडू डावीकडं टाकायचा, नाहीतर लेफ्ट बॅकला वर ढकलून त्याच्या मागं कुणीतरी उभं करायचं. बाकीच्यांचं नंतर बघू.

पहिला पर्याय दिसायला भारी आहे, टीव्हीवर रोज दिसतोय म्हणून तर फारच. पोरं येऊन सांगतात, दादा, रिबेरी बघा की, उजव्या पायाचा असून लेफ्टला खेळायचा, आत कट मारायचा. बरोबर आहे. 2013 ला जर्मनीच्या बायर्न क्लबनं वेम्बलीवर चॅम्पियन्स लीग मारली तेव्हा लेफ्टला रिबेरीच होता. पण भावा, त्याच्या मागं लेफ्ट बॅकला अलाबा होता ना! पक्का डाव्या पायाचा, आणि पळायला घोडा. रिबेरी आत गेला की बाहेरनं अलाबा निघायचा, त्यामुळं समोरच्या बॅकला कळायचंच नाही कुणाला धरायचं. इंग्लंडचंही तेच. 2006 ला ज्यो कोलनं स्वीडनविरुद्ध छातीवर घेऊन लांबनं जो गोल मारला तो डाव्या बाजूनंच आणि उजव्या पायानं, पण त्याच्या पाठीशी अॅशली कोल होता. म्हणजे हा पर्याय चालतो, नाही असं नाही, फक्त मागचा बॅक डाव्या पायाचा आणि दमदार पाहिजे. आता सांगा, तुमच्या टीममधला लेफ्ट बॅक एप्रिलच्या उन्हात सेकंड हाफला कितीवेळा ओव्हरलॅप मारून, म्हणजे विंगरच्या बाहेरनं वर जाऊन, परत खाली येणार? आमचा एकदा वर गेला की परत चालतच येतो.

आणि या पर्यायावरनं माझं मन ज्यामुळं उडालं ती गोष्ट वेगळीच आहे. बॉल लेफ्टला येतो, समोर त्यांचा एकटाच बॅक, आणि आमचा फॉरवर्ड स्टॉपरच्या (मधल्या डिफेंडरच्या) पुढनं निअर पोस्टला, म्हणजे जवळच्या गोलखांबाकडं, सुटलेला. बॉल आत्ता, याच टचला, डाव्या पायानं आत पडायला पाहिजे. उजव्या पायाचा माणूस काय करतो? बॉल थांबवतो, तळव्यानं आत ओढतो, मान वर करून बघतो, आणि मग उजव्या पायानं वळवून टाकतो. तोवर फॉरवर्ड दोन पावलं पुढं गेलेला, लाईनमनचा झेंडा वर, आणि फॉरवर्ड दोन्ही हात पसरून आमच्याकडं बघतोय. एकदा झालं तर चालतं हो. पण मॅचभर हेच, हेच, हेच. आणि खरं नुकसान ऑफसाईडचं नसतंच, थोड्या वेळानं फॉरवर्ड पळायचंच सोडतो. त्याला माहिती झालेलं असतंय की बॉल येणार नाही, मग तो बॉक्सच्या बाहेर उभा राहून पायात बॉल मागायला लागतो, तिथं आधीच आपले दोन हाफ, त्यांचे तीन, आणि त्यात कट मारून आत आलेला हा पण. सगळी गर्दी. लेफ्टची टचलाईन मात्र मोकळी, तिथं फक्त आमचा पाणी देणारा पोरगा उभा.

पोरांना दोष नाही देत मी. त्यातला एक तर आमच्या टीममधला सगळ्यात हुशार खेळाडू आहे, राईटला टाकला की बघत राहावं असा खेळतो. डाव्या पायानं मार म्हटलं की मारतोही, पण प्रॅक्टिसला. मॅचला समोर बॅक अंगावर आला की पाय आपोआप उजवाच निघतो, त्याला तो तरी काय करणार.

दुसरा पर्याय, म्हणजे लेफ्ट बॅक वर. ऐकायला जुगाड वाटतो पण मोठ्या लोकांनी केलेलाच आहे. गॅरेथ बेल टॉटनहॅमला आला तेव्हा लेफ्ट बॅकच होता, त्याला वर काढला, मागं असू-एकोटो ठेवला, आणि 2010 ला सान सिरोवर इंटरविरुद्ध त्यानं हॅट्ट्रिक मारली. टॉटनहॅम 4-3 हरलं ती गोष्ट वेगळी, पण त्या रात्री इंटरचा राईट बॅक मायकॉनची काय अवस्था झाली ते सगळ्यांनी बघितलंय. आपल्याकडं उलटी वाट चालणारे पण आहेत, गोव्याचा मंदार राव देसाई आधी लेफ्ट विंगला खेळायचा, कोच लोबेरानं त्याला लेफ्ट बॅक केला आणि पुढं 2020-21 ला मुंबई सिटीकडनं तो चॅम्पियन पण झाला. सांगायचा मुद्दा, लेफ्ट बॅक आणि लेफ्ट हाफ ही एकाच घरातली भावंडं आहेत, वरखाली करता येतात.

आता यातली भानगड काय, तर मागं रिकामी झालेली बॅकची जागा. तिथं आम्ही उजव्या पायाचा, साधा, डोकं शांत असलेला डिफेंडर टाकला. त्याला त्रास होतो, खोटं नाही सांगत. बॉल डाव्या पायावर आला की तो अंग वळवतो आणि क्लिअरन्स बाहेर जायच्या ऐवजी आत, मध्यभागी पडतो, जिथं त्यांचा हाफ वाटच बघत उभा असतो. यावर आमचा उपाय अगदी गावठी आहे: त्याला सांगून ठेवलंय की शंका आली की सरळ थ्रोला घाल, लाज बाळगू नकोस. आणि गोलकीपरला सांगितलंय की त्याच्या पायात बॉल लोळवायचा नाही, राईटलाच द्यायचा. लोक हसतात, थ्रो-इन जास्त जातात, पण गोल त्या बाजूनं जास्त पडतात असं मला तरी वाटलेलं नाही. शिवाय आत कट मारणारा राईट विंगर समोर नसेल, तर त्या बॅकला तसं फार काम पडत पण नाही.

आणि वर काय होतं? आमचा लेफ्ट बॅक काही बेल नाही. ड्रिबल येत नाही, हेड तर मारतच नाही. पण बॉल आला की एक टच पुढं आणि दुसऱ्या टचला आत. क्रॉस निम्मे वाया जातात, तरी फॉरवर्ड पळतोय, कारण बॉल येणार हे त्याला माहिती आहे. मला एवढं पुरतं.

मध्ये एक शंका येईल की नुसता डावा पाय असला की झालं का? तर नाही. 2024 च्या युरोला इंग्लंडनं फोडनला लेफ्टला ठेवला, तो डाव्याच पायाचा, पण तो सारखा मध्ये सरकायचा, आणि मागं ट्रिपियर उजव्या पायाचा, कारण शॉ जखमी. बाहेरनं टचलाईन धरून जाणारा कुणीच नाही, सगळी डावी बाजू सपाट. डाव्या बाजूच्या दोघांपैकी एकानं तरी डाव्या पायानं बाहेरनं जायला पाहिजे, कोण ते तुम्ही ठरवा. तुमच्याकडं असा एकच माणूस असेल तर तो खाली ठेवून त्याला मैदानभर पळवण्यापेक्षा वरच ठेवा, असं माझं आपलं मत.

राहिले बाकीचे. 3-5-2 करून (मागं तीन स्टॉपर) कडेला विंगबॅक ठेवायचा, तर एकाच माणसाला दोघांचं काम. 2016-17 ला कॉन्टेनं चेल्सीत 3-4-3 मध्ये मार्कोस अलोन्सोकडनं ते करून घेतलं, पण आपली पोरं दिवसभर ड्युटी करून येतात. शिवाय तिसरा स्टॉपर कुठनं आणायचा? डायमंडमध्ये (चारही हाफ मध्येच चौकटीसारखे उभे) सगळी रुंदी बॅककडनं, म्हणजे फिरून तिथंच. बाहेरचा प्लेअर आणायचा म्हटला तर पैसे, राहायची सोय, आणि नेमका सेमी फायनलला तो दुसऱ्या गावच्या स्पर्धेला जातो, हा अनुभव घेऊन झालाय. अंडर-14 मधल्या डावऱ्या पोरांना आत्तापासनं पुढं खेळवा, हे खरं औषध, पण ते या सीझनला उपयोगाचं नाही.

तुमचा फॉरवर्ड मुळात पळणारा नसेल, पायातच बॉल मागणारा असेल, आणि उजव्या पायाच्या पोराकडं लांबनं शॉट असेल, तर पहिला पर्याय खुशाल घ्या, तुम्हाला तो जास्त फळेल कदाचित. समोर खूप स्पीडचा राईट विंगर असेल त्या दिवशी मी पण लेफ्ट बॅकला परत खाली घेतो, निदान पहिल्या हाफला. बाकी मॅचेसना तो वरच. आणि हो, त्याला वर टाकलात की कॉर्नर पण त्यालाच मारू द्या, नाहीतर राईटवाले चौघं तिथंही भांडत येतात.