फॉर्मलिनचा प्लांट: चांदीवर की ऑक्साइडवर?

नागपूरजवळ बुटीबोरीत नाहीतर हिंगण्यात प्लॉट हातात आहे, बँकेशी बोलणं झालंय आणि आता फॉर्मलिनचा (म्हणजे फॉर्मल्डिहाइडच्या पाण्यातल्या द्रावणाचा) प्लांट चांदीच्या कॅटॅलिस्टवर (क्रिया घडवून आणणाऱ्या, पण स्वतः न खपणाऱ्या पदार्थावर) उभा करायचा की लोह-मॉलिब्डेनम ऑक्साइडच्या, एवढंच ठरायचं राहिलंय, अशा माणसासाठी हे लिहितोय. ज्यांचा चांदीचा जुना प्लांट चालू आहे आणि ज्यांना दर महिन्याला कुणीतरी येऊन ‘हे काढा, ऑक्साइडवर या’ असं सांगतं, त्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

माझं मत आधीच सांगून टाकतो. नुसता यिल्डचा, म्हणजे घातलेल्या मिथेनॉलपैकी किती टक्क्यांचं फॉर्मल्डिहाइड झालं याचा, आकडा बघून निर्णय घेऊ नका. माल किती टक्के फॉर्मल्डिहाइडचा विकणार आणि वाफ कोण घेणार, या दोन प्रश्नांची उत्तरं पक्की झाली की निम्मं काम होतं.

मुळात फरक काय

कच्चा माल दोन्हीकडे मिथेनॉलच. चांदीच्या प्लांटमध्ये मिथेनॉलची वाफ, हवा आणि थोडी पाण्याची वाफ चांदीच्या स्फटिकांच्या थरातून जाते. थर जेमतेम एक ते तीन सेंटिमीटर जाड आणि तापमान ६०० ते ७२० अंश सेल्सिअस. वायू त्या थरात सेकंदाच्या शंभराव्या भागाहूनही कमी वेळ असतो. थराच्या लगेच खाली थंड पाण्याच्या नळ्या असतात, कारण तयार झालेलं फॉर्मल्डिहाइड त्या आचेत जरा जास्त रेंगाळलं तर मोडून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन होतो. काही मिथेनॉल नुसता हायड्रोजन सोडतं, काही ऑक्सिजनशी संयोग पावतं. पहिली क्रिया उष्णता खाते, दुसरी देते, आणि दोन्हींच्या तोलावर बेड, म्हणजे चांदीचा थर, लाल राहतो.

ऑक्साइडच्या प्लांटमध्ये हायड्रोजन सोडण्याचा भाग नाही, सगळं ऑक्सिडेशन. त्यामुळे उष्णता फक्त बाहेरच पडते, एका मोलमागे सुमारे १५९ किलोज्यूल. ती काढून घ्यायला मीटर-दीड मीटर लांबीच्या हजारो नळ्यांचा रिॲक्टर लागतो. नळ्यांच्या आत कॅटॅलिस्टच्या रिंगा, बाहेर उकळतं थर्मिक फ्लुइड (उष्णता वाहून नेणारं तेल). तापमान मात्र २७० ते ४०० अंशांच्या आसपासच.

हवेत ६ ते ३६ टक्के मिथेनॉल वाफ असली की मिश्रण स्फोटक होतं. चांदीचा प्लांट या पट्ट्याच्या वर चालतो, म्हणजे मिथेनॉल भरपूर आणि हवा कमी. ऑक्साइडचा साधारणपणे खाली चालतो, मिथेनॉल थोडं आणि हवा भरपूर. ब्लोअरचा आकार, विजेचं बिल, टेल गॅसचा (शेवटी उरणाऱ्या वायूचा) उपयोग हे सगळे फरक यातून निघतात.

मिथेनॉलचा हिशेब

३२ ग्रॅम मिथेनॉलपासून जास्तीत जास्त ३० ग्रॅम फॉर्मल्डिहाइड मिळतं. म्हणजे ३७ टक्के फॉर्मलिनच्या एका टनाला कागदावर ३९५ किलो मिथेनॉल पुरेल. प्रत्यक्षात चांदीच्या चांगल्या प्लांटचं यिल्ड ८६ ते ९० टक्क्यांच्या दरम्यान असतं, ऑक्साइडचं ८८ ते ९२. उरलेलं मिथेनॉल डिस्टिल करून परत फिरवणारीही चांदीची एक पद्धत आहे. तिचं यिल्ड ९१-९२ पर्यंत जातं, पण डिस्टिलेशनला वाफ लागते. लहान प्लांटला ती मी सुचवणार नाही.

समजा चांदीला ८८ धरले आणि ऑक्साइडला ९२. टनामागे चांदीला ४४८ किलो मिथेनॉल लागेल, ऑक्साइडला ४२९. फरक साधारण १९ किलोंचा. रोज ५० टन आणि वर्षाला ३३० दिवस धरले तर तो तीनशे टनांच्या पुढे जातो, म्हणजे बारा-तेरा मोठे टँकर. भारत आपलं बहुतेक मिथेनॉल आयात करतो. बंदरावरच्या कारखान्याला जो भाव पडतो, त्यावर आपल्याला नागपूरपर्यंतचं भाडं द्यावं लागतं. समृद्धी महामार्ग झाल्याने वेळ वाचला, पण ७०१ किलोमीटर ते ७०१ किलोमीटरच. म्हणून नागपुरात यिल्डचा एक टक्का गुजरातच्या किनाऱ्यापेक्षा महाग असतो, आणि हा मुद्दा ऑक्साइडच्या बाजूने जातो.

पण विकणाऱ्याच्या कोटेशनमध्ये ऑक्साइडचे ९२ आणि चांदीचे ८६ शेजारी मांडलेले दिसले तर सावध व्हा. ती एकाच्या चांगल्या दिवसाची दुसऱ्याच्या वाईट दिवसाशी तुलना असते. ९० टक्क्यांवर नीट चालणाऱ्या चांदीशी तुलना केली तर फरक टनामागे नऊ-दहा किलोंवर येतो, आणि तेवढ्यासाठी नवा रिॲक्टर, नवे ब्लोअर आणि थर्मिक फ्लुइडची सिस्टिम घ्यायची का, याचं उत्तर लगेच ‘हो’ येत नाही.

वीज आणि वाफ

ऑक्साइडच्या प्लांटमधून त्याच उत्पादनासाठी चांदीच्या तीन-साडेतीन पट वायू फिरवावा लागतो. टेल गॅसचा काही भाग परत आत घेऊन ऑक्सिजन दहा टक्क्यांच्या आसपास ठेवला की मिथेनॉलचं प्रमाण थोडं वाढवता येतं. तरी महावितरणच्या बिलात ब्लोअर दिसतोच.

इथे नागपूरचा उन्हाळाही मध्ये येतो. जानेवारीतल्या १५ अंशांच्या सकाळपेक्षा मेमधल्या ४५ अंशांच्या दुपारी हवा नऊ-दहा टक्क्यांनी विरळ असते. ब्लोअर तेवढ्याच घनफळाची हवा ओढतो, पण तिच्यात ऑक्सिजन कमी असतो. ब्लोअर मेच्या दुपारसाठी निवडलेला नसेल तर ऑक्साइडचा प्लांट ऐन उन्हाळ्यात माल कमी देईल. चांदीलाही हे लागू आहे, पण तिथे हवा मुळात कमी लागत असल्याने ब्लोअर एक साइज मोठा घेणं स्वस्तात जमतं.

कूलिंग टॉवरचं मात्र उलटं. ‘नागपूर म्हणजे ४७ डिग्री’ एवढंच ऐकून बाहेरचे डिझायनर घाबरतात. टॉवर हवेच्या कोरडेपणावर चालतो, आपल्या खसच्या कूलरसारखा: मेमध्ये गारेगार आणि जुलैत नुसता पंखा. ॲब्सॉर्बर (वायूतलं फॉर्मल्डिहाइड पाण्यात शोषून घेणारं उभं भांडं) थंड ठेवणारं पाणी पावसाळ्यात सगळ्यात कोमट असतं. तेव्हा डिझायनरला जुलै-ऑगस्टचं वेट बल्ब (ओलं फडकं गुंडाळलेल्या थर्मामीटरचं) तापमान द्या, मेचा पारा नको.

वाफ दोन्ही प्लांट देतात. चांदीच्या टेल गॅसमध्ये साधारण पाचवा हिस्सा हायड्रोजन असतो, म्हणून तो सरळ बॉयलरमध्ये जळतो आणि प्रदूषणाचा प्रश्नही त्यातच बराचसा सुटतो. ऑक्साइडचा टेल गॅस स्वतःच्या जोरावर जळत नाही. त्यातला कार्बन मोनॉक्साइड आणि डायमिथाइल इथर संपवायला वेगळा कॅटॅलिटिक इन्सिनरेटर लागतो. वाफ मिळते, पण यंत्र एक वाढतं.

शेजारी रेझिनची केटल (गोंद शिजवायचं भांडं) असेल किंवा कुणी वाफ विकत घेणारा असेल तर या वाफेला किंमत आहे. पण विदर्भात पऱ्हाट्या आणि सोयाबीनच्या कुटाराच्या ब्रिकेट मिळतात. तसल्या बॉयलरशी तुलना करताना वाफेची बचत फर्नेस ऑइलच्या भावाने मोजू नका. प्रोजेक्ट रिपोर्टमध्ये सर्रास तसंच केलेलं असतं आणि परतफेडीची वर्षं भराभर कमी होतात.

कॅटॅलिस्टचा रोजचा जाच

चांदीचा बेड काही महिनेच चालतो, साधारण तीन ते आठ. बदलायला सोपा आहे. रिॲक्टर उघडायचा, जुने स्फटिक काढायचे आणि वेगवेगळ्या जाडीचे दाणे थरावर थर पसरायचे. खरं कसब पसरण्यात आहे. लाकडी पट्टीने थर सपाट करताना कडेला बोटभर जागा पातळ राहिली तर वायू तिथूनच धावतो. काचेतून पाहिलं की बाकी बेड नारिंगी आणि तेवढाच पट्टा काळपट दिसतो, आणि लॅबमध्ये मालातलं मिथेनॉल वाढलेलं निघतं. हे ओळखणारा ऑपरेटर असेल तर चांदीचा प्लांट ९० टक्के देतो. नसेल तर ८६ वरच अडतो.

काढलेली चांदी वाया जात नाही. इलेक्ट्रोलिसिसने शुद्ध करून तीच परत येते. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून लोक बिचकतात, पण ती खर्च होत नाही, अडकून पडते. रोजच्या खर्चाला भावाचा धक्का थोडा, भांडवलाला आणि विम्याला जास्त. (इतवारीच्या सराफ्यातून चांदी आणून टाकता येईल का, असं मला खरंच विचारलं गेलंय. नाही. इथे शुद्धतेइतकाच दाण्याचा आकार आणि पृष्ठभाग महत्त्वाचा असतो, आणि तो इलेक्ट्रोलिसिसच्या भांड्यातच घडतो.)

चांदीचे शत्रू म्हणजे गंधक, क्लोराइड आणि लोखंड. टँकरच्या गंजातून मिथेनॉलबरोबर लोखंड आलं तर बेडवर फॉर्मल्डिहाइड मोडायला लागतं. बोअरच्या पाण्याची वाफ दिली तर क्लोराइड येतं. कोळशाच्या बॉयलरच्या चिमणीकडे ब्लोअरचं तोंड असेल तर गंधक येतं. यिल्ड पडलं म्हणून कॅटॅलिस्टला शिव्या घालणाऱ्या जुन्या प्लांटवाल्यांनी आधी या तीन जागा तपासाव्यात. एक बरा फिल्टर, स्टेनलेसची व्हेपोरायझर लाइन आणि डीएम (क्षार काढलेलं) पाणी एवढ्यावर नव्या प्लांटची गरज टळू शकते.

ऑक्साइडचा कॅटॅलिस्ट बारा ते अठरा महिने टिकतो आणि या बारीकसारीक विषांना तितका भीत नाही. त्याचं दुखणं वेगळं. नळीतल्या सगळ्यात गरम जागी मॉलिब्डेनम हळूहळू उडून जातं आणि पुढे थंड भागात साचतं, की दाब वाढतो. मग ब्लोअर जास्त वीज खातो. म्हणून नळीच्या तोंडाशी निष्क्रिय रिंगा मिसळून भरतात. हजारो नळ्या सारख्या दाबाच्या भरायच्या म्हणजे कंपनीचा माणूस बोलवावा लागतो. इथे शटडाऊन वर्षा-दीड वर्षातून एकदा, पण मोठं. वीज वारंवार जाणाऱ्या फीडरवर चांदी लवकर बंद होते आणि लवकर सुरू होते, मात्र दर ट्रिपला बेडला तडे जायची भीती असते. ऑक्साइडला पुन्हा थर्मिक फ्लुइड तापवत बसावं लागतं.

माल कुणाला विकणार

चांदीच्या प्लांटमध्ये आत पाण्याची वाफ दिलेली असते, तेव्हा माल फार घट्ट करता येत नाही. उत्तम डिझाइनमध्ये ५० टक्के किंवा थोडं वर मिळतं, पण आपल्याकडच्या लहान प्लांटचा नेहमीचा माल ३७ टक्केच. ऑक्साइडमध्ये ५५ टक्के सहज निघतं. ॲब्सॉर्बरमध्ये पाण्याऐवजी युरियाचं द्रावण सोडलं तर ६० टक्के फॉर्मल्डिहाइड आणि २५ टक्के युरियाचं घट्ट मिश्रण मिळतं, जे प्लायवूड आणि पार्टिकल बोर्डच्या गोंदाला थेट चालतं. रेझिन स्वतः करणाऱ्याचं पाणी उडवण्याचं काम आणि सांडपाणी दोन्ही कमी होतात.

३७ टक्के फॉर्मलिन दूर पाठवणं म्हणजे निम्म्याहून जास्त पाण्याचं भाडं देणं. शिवाय त्यात मिथेनॉल एका टक्क्याहून कमी असेल तर माल ३५ अंशांच्या आसपास गरम ठेवावा लागतो, नाहीतर पांढरा पॅराफॉर्मल्डिहाइड खाली बसतो. डिसेंबरात पहाटे पारा दहाच्या घरात आला की उष्णता धरणारं वेष्टन नसलेल्या लाइनीतला व्हॉल्व्ह आधी जाम होतो. दहा-बारा टक्के मिथेनॉल ठेवलं तर हा त्रास जातो, पण मग गिऱ्हाइकाला फुकटचं मिथेनॉल गेलं.

परवानग्यांच्या बाबतीत दोघांत डावं-उजवं नाही. मिथेनॉलचा फ्लॅश पॉइंट ११ अंश, त्यामुळे टाकीवर नायट्रोजन हवाच. साठ्याच्या नियमांसाठी पेसोचं (स्फोटक आणि ज्वलनशील पदार्थांवर देखरेख करणाऱ्या केंद्रीय संस्थेचं) मुख्यालय नागपुरातच आहे. फॉर्मल्डिहाइड हे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात आहे. पर्यावरण मंजुरीशिवाय चालणाऱ्या हरियाणातल्या फॉर्मल्डिहाइड कारखान्यांचा खटला २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, तेव्हा ‘आधी सुरू करू, मंजुरी मागून’ हा मार्ग सोडा.

रोज वीस-तीस टन, ३७ टक्के आणि गिऱ्हाईक शंभर-दीडशे किलोमीटरच्या आत असेल तर मी चांदीच घेईन. भांडवल कमी, ब्लोअर लहान, टेल गॅस बॉयलरला, आणि नागपूरच्या एलआयटीतून (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतून) निघालेल्या केमिकल इंजिनिअरला तो प्लांट लवकर हाती बसतो. स्वतःचं रेझिन किंवा बोर्ड असेल आणि रोज शंभर टनांकडे जायचं असेल तर ऑक्साइड. जुना चांदीचा प्लांट ८८ च्या वर चालत असेल तर तो पाडू नका. मधल्या, म्हणजे पन्नास टनांच्या प्लांटला सरसकट उत्तर नाही. तिथे घट्ट मालाचं गिऱ्हाईक लेखी हातात आहे का, यावर ठरवा.

कोणताही घेतलात तरी करारात यिल्डची टक्केवारी लिहून घेऊ नका, ‘३७ टक्क्यांच्या टनामागे किती किलो मिथेनॉल’ असं लिहून घ्या. चाचणी कॅटॅलिस्ट नवा असतानाची नको, आयुष्याच्या शेवटच्या महिन्यातली आणि ७२ तास सलग घेतलेली असू द्या. ब्लोअरची वीज त्याच कलमात घाला, नाहीतर मिथेनॉल वाचवायला हवा वाढवली जाते. चांदी घेतली तर भरताना आणि काढताना वजन दोघांच्या सहीने, आणि परत येणाऱ्या शुद्ध चांदीत किती ग्रॅम घट चालेल ते आकड्यात.