सही केली आणि जुनं कर्ज पुन्हा मानगुटीवर बसलं

2012 साली बायकोच्या ऑपरेशनसाठी मी एका फायनान्स कंपनीकडून दीड लाखाचं वैयक्तिक कर्ज घेतलं. तारण काही नव्हतं, तीन वर्षांचे हप्ते होते. इचलकरंजीत आमचे चार माग होते. पुढच्याच वर्षी धंदा बसला, माग भंगारात गेले, हप्ते थकले. वसुलीवाले वर्षभर येत राहिले, मग यायचे थांबले. कोर्टात कुणी गेलं नाही. कर्ज घेतलं होतं, हे मी आजही नाकारत नाही.

2023 च्या दिवाळीआधी अचानक फोन सुरू झाले आणि एक दिवस एक तरुण घरी आला. गळ्यात ओळखपत्र, हातात निळी फाइल. “काका, व्याजासकट चार लाख दहा हजार होतात. शुक्रवारी जप्ती येणार. पण मी साहेबांशी बोलून चाळीस हजारांत मिटवतो. आज पाच हजार भरा.”

मुलीचं लग्न ठरलेलं. जप्ती म्हटल्यावर माझे हातपायच गळाले. ही म्हणाली, “अहो, वाचून तरी बघा.” तो म्हणाला, “मावशी, नुसती पावती आहे.” अख्खा कागद इंग्रजीत टाइप केलेला, पाच हजारांचा आकडा तेवढा पेनाने. मी सही केली. हिने मोबाइलवर फोटो काढून ठेवला, तेवढंच नशीब.

दोन महिन्यांनी वकिलाची नोटीस आली, चार लाख दहा हजारांची. चाळीस हजारांचं नावसुद्धा नव्हतं. आमच्या वकीलबाईंनी फोटो मोठा करून मधली एक ओळ वाचून दाखवली: ‘संपूर्ण थकबाकी व्याजासह फेडण्याचे मी वचन देतो.’

1963 च्या मुदतीच्या कायद्याप्रमाणे अशा कर्जाचा दावा लावायला तीन वर्षं असतात. करारातला माझा शेवटचा हप्ता जून 2015 ला भरायचा होता. म्हणजे जून 2018 नंतर दावा आला असता, तर मी मुद्दा काढला नसता तरी कोर्टाने तो फेटाळला असता. मुदत संपायच्या आत लेखी कबुली दिली, तर तिथून नवी तीन वर्षं धरतात. मुदत संपल्यावर नुसत्या कबुलीने कर्ज जिवंत होत नाही. पण 1872 च्या करार कायद्याचं कलम 25 आहे: मुदतबाह्य कर्ज फेडण्याचं वचन लिहून, सही करून दिलं, की तो नवा करार. त्यांना माझे पाच हजार नकोच होते. ती ओळ हवी होती.

आणि जप्ती? तारण नसलेल्या कर्जात कोर्टाचा हुकूमनामा असल्याशिवाय घरातली वाटीसुद्धा कुणी उचलू शकत नाही. हुकूमनामा आधीच झालेला असेल, तर मात्र तो बजावायला बारा वर्षं मिळतात. गहाण कर्जाची मुदतही बारा वर्षांची. म्हणून दारात कुणी आलं, तर आधी मूळ करार, शेवटच्या हप्त्याची तारीख आणि कोर्टाचा आदेश लेखी मागा. त्या दिवशी एक रुपया देऊ नका, कशावरही सही करू नका. वकील परवडत नसेल, तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा. स्त्रियांना तिथे उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

सही फसवून घेतली, असं उत्तर आम्ही पाठवलं आहे. मूळ कागद त्यांच्याकडे आहे. आमच्याकडे हिच्या मोबाइलमधला तो फोटो.