बाथरूमच्या टाइल्स स्वतः लावताय? काउंटरवर कसं गंडवतात ते बघा

मिस्त्रीची मजुरी वाचवायला निघालेला माणूस लुबाडला जातो तो पहिली टाइल लावण्याआधीच, दुकानात.

आधी माप. '12 बाय 18' इंच म्हणून विकतात ती भिंतीची टाइल असते 300 बाय 450 मिमी. बॉक्समध्ये 6 नग, म्हणजे 0.81 चौरस मीटर किंवा 8.72 चौरस फूट. बिल होतं 'बॉक्सला 9 फूट' धरून. '12 बाय 24'च्या 5 नगांचे 10 फूट लावतात, भरतात 9.69. शंभर फुटांमागे तीन फुटांचे पैसे गेले. हे किरकोळ म्हणून सोडूनही देता येईल, पण खरा फटका पुढे बसतो. बाथरूम 5 बाय 7 फूट, डॅडो (भिंतीवर टाइल लावायची उंची) 7 फूट, अडीच फुटी दार वजा जाता भिंती होतात साधारण 150 चौरस फूट. दुकानदार 9 ने भागून 17 बॉक्स देतो. त्यात माल 148 फुटांचा. कापाकापी आणि तूटफूट यांसाठी दहा टक्के धरले तर लागतात 19. उरलेले दोन आणायला जावं तर तो लॉट संपलेला असतो. नव्या लॉटची शेड वेगळी, कधी आकारातही मिलीमीटरभर फरक. मग सांधे एका रेषेत येतच नाहीत.

शोकेसमध्ये 'प्रीमियम' दाखवून घरी 'स्टँडर्ड' किंवा 'कमर्शियल' पाठवणं हा दुसरा प्रकार. टेम्पो उभा असतानाच प्रत्येक बॉक्सवरचा ग्रेड, बॅच आणि शेड नंबर वाचा. दोन टाइल्स तोंडाला तोंड लावून धरा. मध्ये किंवा कोपऱ्यात नख शिरेल एवढी फट दिसली तर माल बाकदार आहे. भिंतीवर तिच्या कडा वरखाली होणारच, सांध्यात कितीही स्पेसर (सारखं अंतर राखणारे प्लास्टिकचे तुकडे) घाला.

सगळ्यात जास्त गोलमाल अॅडेसिव्हमध्ये, म्हणजे टाइल चिकटवायच्या मसाल्यात, होतो. आयएस 15477 या भारतीय मानकात अॅडेसिव्हचे पाच टाइप आहेत. टाइप 1 जमिनीवरच्या साध्या सिरॅमिकसाठी ठीक. व्हिट्रिफाइड टाइल पाणी जवळजवळ पीतच नाही, त्यामुळे नुसतं सिमेंट तिला धरत नाही. भिंतीवर निदान टाइप 2 हवं. 'सगळं एकच असतं हो' म्हणत टाइप 1 ची बॅग वरच्या टाइपच्या भावात गळ्यात मारतात, किंवा मुदत संपत आलेली. बॅगेवर टाइप आणि उत्पादनाची तारीख पाहा, बाहेरून दाबून आत गुठळ्या आहेत का तपासा. 6 मिमीच्या दातेरी थापीने 3 मिमी थर दिला तर 20 किलोच्या बॅगेत 50 ते 55 चौरस फूट होतं. भिंती आणि फरशी मिळून 185 फुटांना चार बॅगा लागतात. बजेट कमी आहे म्हटलं की 'दोनच न्या, निम्मं सिमेंट मिसळा' असा सल्ला मिळतो. तो ऐकू नका. सिमेंट वाढलं की पॉलिमरचं (पकड देणाऱ्या घटकाचं) प्रमाण घटतं, पकड जाते आणि काही महिन्यांत टाइल पोकळ वाजू लागते. लावल्यावर लगेच एखादी टाइल उचकटून पाहा; पाठीवर अॅडेसिव्हच्या नुसत्या रेघा दिसल्या तर ती नीट दाबली गेलेली नाही.

ग्राउट म्हणजे टाइल्समधले सांधे भरायचा मसाला. 'इपॉक्सी ग्राउट' म्हणून सिमेंटचा ग्राउट आणि सोबत लिक्विडची पुडी देतात. ओळख सोपी आहे. खऱ्या इपॉक्सीत रेझिन, हार्डनर आणि फिलर वेगवेगळे असतात, आणि मिसळताना पाणी पडत नाही. पाकिटावर 'पाण्यात कालवा' लिहिलं असेल तर ते सिमेंट, नाव काहीही असो. आधीच भरलं असेल तर वाळल्यावर सांध्यावर पाण्याचा थेंब टाका: सांधा काळपट पडला म्हणजे त्याने पाणी शोषलं. 8 मिमी जाडीची 300 बाय 450 ची टाइल आणि 3 मिमी सांधा असेल तर एवढ्या कामाला चार किलोच्या आसपास ग्राउट पुरतो. दहा किलो सांगणारा फसवतोय.

बिल पक्कं घ्या. त्यावर जीएसटी क्रमांक, मिमीमधलं माप, नगसंख्या, ग्रेड आणि बॅच हवा. 'टाइल्स 1 लॉट' एवढंच लिहिलेलं बिल तक्रारीत टिकत नाही. तक्रारीसाठी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन 1915 आहे, वजनमापातल्या फसवणुकीसाठी राज्याची वैधमापन यंत्रणा. टाइल भिंतीवर लागली की कंपन्या सहसा तक्रार घेत नाहीत, बहुतेक बॉक्सवर तसं छापलेलंच असतं. त्यामुळे दोष दिसला की काम थांबवून फोटो काढा. लेबल असलेला पुठ्ठा आणि त्याच बॅचच्या चार-पाच टाइल्स बाजूला ठेवा. पुढे नळाची पाइप बदलताना भिंत फोडावी लागली तर त्याच कामी येतील.