नाशिकची वाइन घेताय? लगेच प्यायची कुठली, ठेवायची कुठली

वाइन जितकी जुनी तितकी भारी हे आपल्याकडे डोक्यात इतकं पक्कं बसलंय की गिफ्ट आलेली सोव्हिन्यों ब्लां (ही एक व्हाइट वाइन) लोक शोकेसमध्ये चार-चार वर्षं उभी ठेवतात आणि मग उघडल्यावर म्हणतात नाशिकच्या वाइनमध्ये दम नाही. अहो दम होता, तो शोकेसमध्येच गेला. दुकानात दिसणाऱ्या बहुतेक बाटल्या वर्ष-दोन वर्षांत संपवायच्या हिशेबानेच बनवलेल्या असतात, त्यामुळे आधी ठरवा की या शनिवारी प्यायचीये की लग्नाच्या पाचव्या वाढदिवसाला उघडायचीये, मग रंग आणि किंमत बघू. (खालच्या किमती ढोबळ आहेत, टॅक्स प्रत्येक राज्यात वेगळा.)

बजेट हजाराच्या आसपास असेल तर नाशिकच्याच सुला कंपनीची सोव्हिन्यों ब्लां की शेनिन ब्लां (दोन्ही व्हाइट, नावं द्राक्षांच्या जातींची) हाच खरा प्रश्न. सोव्हिन्यों कोरडी (म्हणजे गोड नसलेली), आंबटसर, वास हिरव्या मिरचीचा आणि कापलेल्या गवताचा, तळलेल्या पापलेटबरोबर मस्त लागते. शेनिन किंचित गोडसर, त्यामुळे पहिल्यांदा पिणाऱ्याला पटकन आवडते आणि जेवण तिखट असेल तर ती थोडी साखर कामाला येते. ठेवायला मात्र दोन्ही बाद. स्टीलच्या टाकीत, थंडाव्यात आंबवलेल्या असतात, त्यांची सगळी मजा ताजेपणात. कोणी सांगेल फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली शेनिन वीस-तीस वर्षं टिकते, खरंय, पण ती हवा थंड, अ‍ॅसिड भरपूर आणि बनवतातच त्या हेतूने, द्राक्षाचं नाव सारखं म्हणून आपली टिकेल असं नाही.

लेबलवरचं साल, म्हणजे द्राक्षं तोडल्याचं साल, बघाच. नाशिकला वाइनच्या द्राक्षांची तोडणी साधारण जानेवारी ते मार्च, फ्रान्समध्ये सप्टेंबर-ऑक्टोबर, म्हणजे दोघांवर 2024 लिहिलेलं असलं तरी आपली सहा-आठ महिने आधीचीच असते. दोन वर्षांपेक्षा जुनी व्हाइट आणि दुकानात एसी नाही, तर सरळ सोडून द्या.

आणि याच पैशात 'इम्पोर्टेड' घ्यायचा मोह होतो ना, तो आवरा. बाहेरच्या वाइनवर बरीच वर्षं दीडशे टक्के कस्टम ड्युटी होती, त्यात राज्याचा टॅक्स, दुकानदाराचं मार्जिन, मग बाटलीत नक्की कितीची वाइन उरली याचा हिशेब तुम्हीच करा. पंधराशेच्या आत माझं मत सरळ आहे, देशीच घ्या.

रेडमध्ये जरा विचार करावा लागतो. सुलाची दिंडोरी रिझर्व्ह शिराझ (शिराझ ही काळ्या द्राक्षाची जात) हजार ते पंधराशेच्या मध्ये कुठेतरी, ओकच्या पिंपात मुरलेली, मिरीचा वास, मटणाबरोबर छान. बंगळुरूजवळच्या नंदी हिल्सची ग्रोवरची ला रिझर्व्ह (कॅबरने आणि शिराझ) साधारण त्याच पट्ट्यात. दोन्ही आज उघडा नाहीतर दोन-तीन वर्षांनी, चालतं. त्याच्या वर, दोन हजाराच्या घरात सुलाची रासा आणि फ्रातेल्लीची सेत्ते. इथे जास्तीचे पैसे पिंपासाठी आणि निवडून घेतलेल्या द्राक्षांसाठी जातात. रासा मऊ, भरलेली, आजच आवडेल अशी. सेत्ते सोलापूर जिल्ह्यातल्या अकलूजकडची, सांजोव्हेजे आणि कॅबरने या द्राक्षांची, त्यात तुरटपणा आणि आंबटपणा दोन्ही भक्कम, आणि रेड टिकते ती याच दोघांच्या जोरावर. पाच वर्षं ठेवायला एकच बाटली घ्यायची असेल तर मी सेत्ते घेईन.

पण ठेवणार कुठे? बारा ते पंधरा डिग्री, अंधार, बुच असेल तर बाटली आडवी. मे महिन्यात पुण्या-नागपूरच्या फ्लॅटमधल्या लाकडी कपाटात हे होत नाही, तिथे वाइन मुरत नाही, शिजते. वाइन कूलर नसेल तर महागातली ठेवायला घेऊच नका, घ्या आणि प्या.

स्पार्कलिंग (बुडबुड्यांची वाइन), शांदों असो की सुला ब्रुट, घेतली की संपवा, विषय संपला.

लेट हार्वेस्ट शेनिन (उशिरा तोडलेल्या द्राक्षांची) मात्र लोक विसरतात. छोटी 375 मिलीची बाटली, चांगलीच गोड, आणि साखर असल्यामुळे थंड जागी साध्या व्हाइटपेक्षा जास्त टिकते. गोडाचं खाणाऱ्या घरात गिफ्ट द्यायला मला तरी हीच बरी वाटते. उघडल्यावर फ्रीजमध्ये आठवडाभर सहज राहते, साधी व्हाइट दोन-तीन दिवस, रेड तीन-चार (तीही फ्रीजमध्येच, प्यायच्या अर्धा तास आधी बाहेर काढा), आणि स्पार्कलिंगचा गॅस दुसऱ्या दिवशी गेलेला असतो, तेव्हा ती चार माणसं असतील तेव्हाच फोडा.