पापुआ न्यू गिनीतली मिशनची छोटी विमानं: तीन वर्षांचा अनुभव, पाचपैकी चार

तीन वर्षं झाली आम्हाला इथे. बायको मिशनच्या दवाखान्यात नर्स आहे आणि मी हिशेब, सोलर, औषधांचं गोडाऊन, पाण्याची टाकी, थोडक्यात जे बिघडेल ते बघतो. एवढ्या दिवसांत मिशनच्या छोट्या विमानाने निदान वीस वेळा तरी गेलो-आलो असेन. नवीन सेवेला येणारी मंडळी सारखी तेच विचारतात, सुरक्षित आहे का, सामान किती नेता येतं, वेळेवर येतं का, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो. संस्थेचं नाव घेत नाही, कारण इथे अशा बऱ्याच मिशन विमानसेवा आहेत आणि रामायण सगळीकडे साधारण सारखंच.

आधी हे समजून घ्या की इथे विमान ही चैन नाही. राजधानी पोर्ट मोर्सबीहून हायलँड्सला, म्हणजे देशाच्या मधल्या डोंगराळ भागात, गाडीने जाताच येत नाही, रस्ताच नाही. एक हायवे आहे तो लाए बंदरापासून माउंट हेगनकडे आणि पुढे जातो, पण तो सोडला की डोंगर, दऱ्या, नद्या आणि पायवाटा. आमच्या खोऱ्यातून जवळच्या रस्त्यापर्यंत चालत अडीच दिवस, तेसुद्धा इथल्या माणसाच्या पायाने, माझ्या पायाने चार धरा. विमानाने बावीस मिनिटं. १९३४ साली फादर विल्यम रॉस वगैरे कॅथलिक मंडळी माउंट हेगनला डोंगर चढत चालत आली होती, पुढच्याच वर्षी लुथरन मिशनने स्वतःचं विमान आणलं. त्यांनी का आणलं असेल हे मला पहिल्या पायी दौऱ्यातच कळलं, गुडघे अजून आठवण करून देतात.

बुकिंग ईमेल किंवा व्हॉट्सॲपवर होतं, नेटवर्क नसेल तर रेडिओवरून. इथपर्यंत ठीक. खरी भेट होते ती वजनकाट्याशी. आधी सामान काट्यावर, मग तुम्ही स्वतः, हातातल्या पिशवीसकट, बूट घालून, सगळ्यांसमोर. आकडा मोठ्याने वाचतात आणि वहीत लिहितात. पहिल्यांदा बायको एवढी लाजली की काट्यावरून उतरून परत चढली, जणू दुसऱ्यांदा कमी भरणार होतं. आता काही वाटत नाही. आमच्या तिकिटात माणशी १६ किलो सामान, त्याच्या वर प्रत्येक किलोला वेगळे कीना (इथलं चलन) मोजायचे, आणि जागा नसेल तर कितीही कीना दिले तरी नाही. हळूहळू असं होतं की तुम्ही आयुष्यच किलोत मोजायला लागता. वाढदिवसाला काय हवं विचारलं तर बायको म्हणते दोन किलोच्या आतलं काहीही.

हा काटा उगाच नाही हे मला एका पायलटने विंगखाली उभं राहून समजावलं. आमच्या भागात बहुतेक वेळा सेस्ना कॅराव्हॅन येतं, एकच इंजिन, पण दणकट. धावपट्टी उंचावर असली की हवा विरळ, दुपारी ऊन तापलं की आणखी विरळ, मग तेच विमान तेवढं वजन उचलू शकत नाही. वर आमची पट्टी गवताची, आखूड आणि चक्क उतरती आहे. उतरताना चढाच्या दिशेने उतरायचं म्हणजे वेग आपोआप कमी होतो, उडताना उताराच्या दिशेने सुटायचं. आणि पट्टीच्या वरच्या टोकाला डोंगर, त्यामुळे शेवटच्या टप्प्यात आलं की विचार बदलून परत वर उचलायला जागाच नाही. पहिल्यांदा उतरलो तेव्हा समोर फक्त हिरवी भिंत दिसत होती, मी डोळे मिटले, शेजारची म्हातारी मात्र बिलुममधल्या, म्हणजे इथल्या विणलेल्या झोळीतल्या, कोंबडीशी निवांत गप्पा मारत होती.

सुरक्षिततेला माझे पैकीच्या पैकी, आणि कारण एकच, ही माणसं 'नाही' म्हणतात. ढग असले तर नाही. पट्टीवर रात्रीचा पाऊस मुरलाय आणि जमीन मऊ झालीय, तर नाही. डिक्लेअर न केलेली बॅटरी, काडेपेटी, रॉकेल, तर नाहीच नाही. माझी सोलरची बॅटरी एकदा पॅकिंग नियमाप्रमाणे नाही म्हणून खाली ठेवली, मी वाद घातला, रागावलो, पास्टरना फोन केला, काही उपयोग झाला नाही. बरोबर तेच होते, पण त्या दिवशी दवाखान्याचा फ्रिज डोळ्यासमोर होता. इथल्या डोंगरांनी बरीच विमानं गिळलीत. मिशन एव्हिएशन फेलोशिप या मिशन विमानसेवेचं काम इथे १९५१ मध्ये सुरू झालं आणि त्यांचा पहिला पायलट हॅरी हार्टविग त्याच वर्षी विमान कोसळून गेला. हे माहीत असेल तर 'नाही' ऐकताना राग थोडा कमी येतो. थोडाच.

आता तक्रार. वेळापत्रक या शब्दाला इथे काही अर्थ नाही, ते मान्य, सकाळी सकाळी उडालं तर उडालं, दुपारनंतर ढग चढतात आणि खिंडी बंद होतात. पण कळवा तरी! मागच्या वर्षी मंगळवारचं बुकिंग होतं, आम्ही मंगळवारी पहाटे सामान घेऊन हजर, नऊ वाजले, अकरा वाजले, कोणी काही बोलेना. शेवटी सामान चढवणारा पोरगा म्हणाला, बालुस नो काम. टोक पिसिनमध्ये, म्हणजे इथल्या सगळ्यांच्या बोलीभाषेत, बालुस म्हणजे मूळ कबूतर, आणि तोच शब्द विमानाला. तर कबूतर आलं नाही. बुधवारीही नाही. उडालो शुक्रवारी, मधले तीन दिवस गेस्ट हाऊसचं भाडं खिशातून, आणि तांदळाचं २० किलोचं पोतं मागे राहिलं ते दोन आठवड्यांनी पोचलं, तोपर्यंत आम्ही आणि दवाखान्याचा सगळा स्टाफ काउकाऊवर, म्हणजे रताळ्यावर. रताळं वाईट नाही. पण तिन्ही त्रिकाळ, चौदा दिवस... जाऊ दे. एक मेसेज टाकायला कितीसे कीना लागतात हा माझा प्रश्न मी त्यांना लेखी दिलाय, उत्तर नम्र आलं, सुधारणा अजून यायचीय.

त्या मंगळवारी काय झालं होतं ते नंतर समजलं. दुसऱ्या एका पट्टीवर बाळंतपणात अडलेली बाई होती, विमान तिकडे वळवलं. पेशंट असला की तुमचं बुकिंग रद्द, विषय संपला. चार महिन्यांनी आमच्याच दवाखान्यातून बायकोने रेडिओवर तसाच कॉल दिला, मूल आडवं होतं, चाळीस मिनिटांत विमान पट्टीवर. कुठल्यातरी पट्टीवर त्या वेळी कोणीतरी माझ्यासारखा सामान घेऊन बसला असणार आणि मनातल्या मनात शिव्या देत असणार. मिशनरी असला तरी देतोच माणूस.

पायलट लोकांबद्दल दोन शब्द. तेही मिशनरीच, बऱ्याच जणांचा खर्च त्यांच्या देशातल्या चर्चच्या मंडळ्या देणगीतून चालवतात. सामान स्वतः चढवतात, जाळी स्वतः बांधतात, इंजिन सुरू करायच्या आधी सगळ्यांसोबत प्रार्थना करतात, आणि नंतर चेकलिस्ट इतक्या काटेकोरपणे वाचतात की देवावर भरवसा ठेवायचा पण नटबोल्ट आपणच तपासायचे हे दिसतं. मला ते फार आवडतं.

परतीच्या विमानात तुमच्या मागे कॉफीची पोती असतात. येताना तांदूळ, मीठ, डब्यातले मासे, औषधं, शाळेच्या वह्या, आणि जाताना कॉफी, कारण लोकांच्या हातात रोख पैसा येण्याचा मार्ग तोच. इथे मला जरा अवघडल्यासारखं होतं. मी चढलो म्हणजे जवळजवळ दोन पोती खाली राहिली. ती ज्याची असतात तो माणूस पट्टीच्या कडेला उभा असतो, हसून हात हलवतो.

एक उड्डाण मात्र विसरणार नाही. विमान भरून खोकी आली होती, शेजारच्या खोऱ्यातल्या भाषेतला नवा करार. या देशात ८०० च्या वर भाषा आहेत, टोक पिसिनमध्ये नवा करार १९६९ ला आणि अख्खं बायबल १९८९ ला आलं, पण ज्याला आईची भाषाच येते त्याचं काय? मला त्या दिवशी जागा मिळाली ती दोन खोक्यांच्या मधे, पाय दुमडून. पट्टीवर गाव नाचत होतं, डोक्यावर पिसं, अंगाला रंग. पायलटने खोकी उतरवली, आणि सवयीने प्रत्येकाचं वजन वहीशी ताडून बघितलं.

नवीन येणाऱ्यांसाठी: सकाळचंच विमान मागा. मागेपुढे तीन दिवस मोकळे ठेवा, शक्य असेल तर पाच. औषधं आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत. कार्टन नको, ओलं झालं की फुटतं, जाड प्लॅस्टिकचं पोतं घ्या आणि नाव मोठ्या अक्षरांत मार्करने लिहा. अंडी नेऊ नका, मी नेली होती. आदल्या दिवशी घरच्या काट्यावर सामान मोजा, आणि घरचा काटा दीड किलो कमी दाखवतो असं धरून चाला.

एक स्टार कापलाय तो न आलेल्या मेसेजचा. बायको म्हणते पाच द्या, ते आडवं मूल आता रांगतंय. पण रिव्ह्यू मी लिहितोय, आणि चौदा दिवस रताळी तिनेही खाल्लीत. पुढचं बुकिंग येत्या गुरुवारचं आहे, यादी तयार आहे: तांदूळ, गव्हाचं पीठ, दोन नळ, एक सोलर रेग्युलेटर, एकूण १५.८ किलो.