केबल सोडून स्टॅनली कप प्लेऑफ्स: दोन ॲप, एक अँटेना आणि अर्ध्या मिनिटाचा उशीर

आधीच सांगते, हा रिव्ह्यू कुठल्या एका ॲपचा नाहीये, कारण एनएचएलचे (अमेरिका-कॅनडातली आइस हॉकी लीग) प्लेऑफ्स, म्हणजे सीझननंतरच्या स्टॅनली कपसाठीच्या बाद फेऱ्या, एका ॲपवर पूर्ण बघताच येत नाहीत आणि माझी निम्मी तक्रार तीच आहे. आम्ही डॅलसच्या उत्तरेला, प्लेनोत राहतो. मी डॅलस स्टार्स या इथल्या टीमची फॅन, नवरा क्रिकेटवाला, पण एप्रिल-मे आला की तोही मुकाट्याने सोफ्यावर येऊन बसतो. केबल काढून टाकून मागचे प्लेऑफ्स आम्ही पूर्णपणे स्ट्रीमिंगवर बघितले, तर यंदा ज्यांना एप्रिलच्या आधी ठरवायचंय त्यांच्या उपयोगी पडेल म्हणून लिहितेय.

आधी केबलबद्दल चार बरे शब्द, कारण सगळे नुसत्या शिव्याच घालतात. रिमोटवर आकडा दाबला की मॅच लागायची, बस. सासरे भारतातून आले की उन्हाळाभर आमच्याकडेच असतात, त्यांना हॉकीचं एवढं वेड लागलं की त्यांनी चॅनलचे नंबर कागदावर लिहून तो कागद रिमोटच्या मागे चिकटपट्टीने लावून ठेवला होता, आम्ही ऑफिसमधून येईपर्यंत बाबांनी पूर्वेकडच्या टीम्सच्या मॅचचा एक पिरियड (वीस मिनिटांचा भाग) बघून झालेला असायचा. बिल मात्र काय विचारू नका. पॅकेजचे पैसे वेगळे, लोकल चॅनलची फी वेगळी, रिजनल स्पोर्ट्सची फी वेगळी (ती आमच्यासारख्यांनीही भरायची आणि ज्यांनी आयुष्यात कधी मॅच लावली नाही त्यांनीही) आणि वर प्रत्येक टीव्हीमागे डब्याचं भाडं.

पण केबल सुटली ती पैशांमुळे नाही, त्या डब्याच्या रेकॉर्डिंगमुळे. 2024 ला दुसऱ्या राउंडची सहावी मॅच डेन्व्हरला होती (प्रत्येक राउंड म्हणजे एक सिरीज, आधी चार मॅच जिंकेल तो पुढे), आपल्याकडे रात्री उशिरा सुरू, नवऱ्याला सकाळी लवकर निघायचं म्हणून आम्ही रेकॉर्डिंग लावून झोपलो. आता प्लेऑफमध्ये टाय झाली तर शूटआऊट (एकेकाने गोलकीपरसमोर जाऊन गोल मारायचा) नसतो, पाचास पाच खेळाडू ठेवून वीस-वीस मिनिटांचे ओव्हरटाइम चालूच राहतात, जो आधी गोल मारेल तो जिंकला. आमच्या मॅट डुशेनने दुसऱ्या ओव्हरटाइममध्ये गोल मारून सिरीज संपवली आणि आमच्या डब्याने त्याच्या कितीतरी आधी, ठरलेली वेळ संपली म्हणून रेकॉर्डिंग बंद करून टाकलेलं. सेटिंगमध्ये जाऊन वेळ वाढवून ठेवायची सोय असते हो, पण हॉकी दाखवणाऱ्या कंपनीला ओव्हरटाइम नावाची गोष्ट माहीत नसावी का? फोन केला तर तिथल्या माणसाने मला जास्त चॅनलचं पॅकेज विकायचा प्रयत्न केला. तेव्हाच ठरलं.

त्याच सुमाराला आमच्या लोकल चॅनलचंही काही खरं नव्हतं. ते चालवणाऱ्या, बॅली स्पोर्ट्सवाल्या डायमंड कंपनीने मार्च 2023 ला दिवाळखोरीचा अर्ज केला होता आणि शेवटी 2024-25 च्या सीझनपासून स्टार्स त्यांच्यातून बाहेर पडून व्हिक्टरी प्लस नावाच्या ॲपवर आले, तेही चक्क फुकट! जाहिराती असतात, लॉगिन करायचं, झालं. आपल्या भागात राहता ना, मग सीझनच्या जवळपास सगळ्या लोकल मॅचेस फुकट. व्हेगासच्या टीमने त्याच्या आदल्या वर्षी वेगळा मार्ग धरला होता, साध्या अँटेनावर दिसणाऱ्या चॅनलवर गेले, फ्लोरिडाच्या टीमनेही नंतर तेच केलं. सीझनपुरतं बोलायचं तर व्हिक्टरी प्लसला मी डोळे झाकून पाचपैकी साडेचार देईन, अर्धा कापला कारण ॲपचा मेन्यू म्हणजे भूलभुलैया आहे.

गोची प्लेऑफ्सला होते. पहिल्या राउंडमध्ये लोकलवाल्यांनाही मॅच दाखवायची मुभा असते, एबीसी या देशभर दिसणाऱ्या चॅनलवरची सोडून. दुसऱ्या राउंडपासून सगळं नॅशनल. आणि नॅशनल म्हणजे कोण, तर अमेरिकेतले हक्क 2021-22 पासून सात वर्षांसाठी दोघांत वाटून टाकलेत, डिस्नेकडे ईएसपीएन आणि एबीसी, टर्नरकडे टीएनटी आणि त्याची भावंडं. फायनल आलटून पालटून, सम वर्षी एबीसी, विषम वर्षी टीएनटी. म्हणजे 2025 ला आमची एडमंटनबरोबरची वेस्टर्न कॉन्फरन्सची, म्हणजे पश्चिम गटाची, फायनल ईएसपीएनवाल्यांकडे, ईस्टर्न टीएनटीकडे आणि मग फ्लोरिडा-एडमंटनची फायनल टीएनटीवर. ईएसपीएनचं ॲप वेगळं, टीएनटी बघायचं तर एचबीओ मॅक्स. पहिल्या दोन राउंडमध्ये तर एकाच सिरीजच्या मॅचेस आज इकडे, परवा तिकडे, त्यामुळे रोज संध्याकाळी मॅच सुरू व्हायच्या आधी घरात एकच प्रश्न, आज कशावर आहे? केबलवर हे हक्क असेच वाटलेले होते, पण तेव्हा फक्त नंबर बदलायला लागायचा, आता एका ॲपमधून बाहेर पड, दुसरं उघड, "कोण बघतंय" विचारतं ते निवड, मध्येच लॉगआऊट झालेलं असतं म्हणून टीव्हीवर कोड येतो तो फोनवर टाइप कर. बाबांनी एकदा हे सगळं शांतपणे बघितलं आणि म्हणाले, "तुम्ही आलात की लावा, मी तोवर पेपर वाचतो." त्यांचा तो कागद निरुपयोगी झाला हे मला अजून बरं वाटत नाही.

आता पैसे. ईएसपीएनने ऑगस्ट 2025 मध्ये केबलशिवाय सगळं दाखवणारा प्लॅन आणला, महिना 29.99 डॉलर, त्यात एबीसीवरची हॉकीही येते. एचबीओ मॅक्सचा सगळ्यात स्वस्त जाहिरातीवाला प्लॅन घेऊ नका, त्यात लाइव्ह स्पोर्ट्स नाहीत, त्याच्या वरचा स्टँडर्ड लागतो, तो साडेअठराच्या घरात. दोन्ही मिळून महिन्याला पन्नासच्या आत. प्लेऑफ्स एप्रिलच्या मध्यापासून जूनपर्यंत चालतात म्हणजे दोन, फार तर तीन बिलं, नंतर बंद. ज्यांना एकाच ठिकाणी सगळं पाहिजे त्यांना युट्यूब टीव्ही आहे, 82.99 डॉलर, थोडक्यात नव्या कपड्यातली केबलच, आणि केबलचे जुने रोगही बरोबर आलेत, 2025 च्या ऑक्टोबरअखेर डिस्नेशी भांडण झालं तेव्हा नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत दोन आठवडे त्यावरून ईएसपीएन आणि एबीसी गायब होते. हे भांडण मे महिन्यात झालं असतं तर? पण एक मान्य करते, अशा सर्व्हिसमध्ये रेकॉर्डिंग ओव्हरटाइम लागला तर आपोआप वाढतं, सांगावं लागत नाही.

चित्र कसं दिसतं हा प्रश्न सगळे विचारतात. नेट चांगलं असेल तर मस्त. पक म्हणजे या हॉकीतला चेंडूच, तीन इंचाचा काळा तुकडा, ताशी नव्वद मैलाच्या वर जातो, त्यामुळे हॉकीला रिझोल्यूशनपेक्षा हलणारं चित्र सलग दिसणं महत्त्वाचं, ईएसपीएन आणि एबीसी म्हणूनच 720 वर असूनही सेकंदाला साठ फ्रेम्समुळे छान दिसतात. (1996 ला फॉक्सवाल्यांनी ऑल-स्टार मॅचपासून पक स्क्रीनवर निळा चमकवायला सुरुवात केली होती, म्हणे लोकांना दिसत नाही म्हणून, मुरलेले फॅन जाम वैतागले होते.) नेट जरा अडखळलं की मात्र चित्र पुसट होतं आणि नेमका पकच आधी हरवतो.

आणि आता खरं दुखणं, उशीर. स्ट्रीमिंगमध्ये व्हिडिओचे काही-काही सेकंदांचे तुकडे करून पाठवतात आणि अडखळू नये म्हणून आपलं ॲप त्यातले थोडे आधी साठवून मग दाखवतं, त्यामुळे मैदानात झालेली गोष्ट आपल्याकडे अर्धा मिनिट, कधी त्याहून उशिरा येते. सिनेमा बघताना काय फरक पडतो, पण प्लेऑफ ओव्हरटाइममध्ये? 2025 ला विनिपेगविरुद्ध सहावी मॅच, एक-एक, ओव्हरटाइम, आम्हाला पॉवर प्ले मिळालेला (समोरच्यांचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर). माझ्या टीव्हीवर अजून आमचे लोक पक घेऊन आत शिरतायत आणि टीपॉयवर ठेवलेला फोन थरथरायला लागला, एकदा नाही, थांबेचना. नवऱ्याने माझ्याकडे बघितलं, मी त्याच्याकडे, दोघं काही बोललो नाही, आणि मग आमच्या थॉमस हार्लीने गोल मारला. सिरीज जिंकलो, कॉन्फरन्स फायनलला गेलो, आणि मी उठून ओरडले ते अगदी कर्तव्य म्हणून ओरडल्यासारखं. ओव्हरटाइममध्ये मधे जाहिरातीही नसतात, श्वास रोखून बघायची गोष्ट आहे ती, आणि तिचा शेवट व्हॉट्सॲपने आधीच सांगून टाकायचा. कुठलंही ॲप या बाबतीत माझ्याकडून पास होणार नाही.

यावर उपाय एकच सापडला, फोन दुसऱ्या खोलीत. आणि एबीसीची मॅच असेल तर अँटेना. हो, तोच जुना, खिडकीत लावायचा, एकदा विकत घ्यायचा, महिन्याचं बिल शून्य आणि सगळ्यांत आधी गोल त्याच्यावरच दिसतो. यंदा 2026, सम वर्ष, म्हणजे फायनल एबीसीकडे. डॅलसमध्ये तरी सिग्नल चांगला येतो. ज्यांना फक्त फायनल बघायचीय त्यांनी बाकी काहीच घेऊ नये, अँटेना लावा आणि बसा. बाबांनाही तो जमतो, चॅनल आठ.

नणंद ब्रॅम्प्टनला असते, तिच्याकडे कॅनडात सगळं जवळपास एकाच कंपनीच्या हातात. रॉजर्सने 2014 पासूनच्या बारा वर्षांसाठी 5.2 अब्ज कॅनेडियन डॉलर मोजले होते, आता पुढच्या बारा वर्षांसाठी 11 अब्जांचा करार झालाय. त्यांच्याच स्पोर्ट्सनेटचं एक ॲप घेतलं की तिचं बहुतेक भागतं, आणि सीबीसीवर काही मॅचेस फुकट लागतात त्या वेगळ्या. शिवाय तिकडे पंजाबीत कॉमेंट्री असते! 2016 च्या फायनलला पिट्सबर्गच्या निक बोनिनोने गोल मारला तेव्हा हरनारायण सिंग यांनी "बोनिनो, बोनिनो" असा जो सूर लावला तो कुठे मिळाला तर ऐका, शब्द कळायची गरज नाही. मराठीत कोणी करेल का, म्हणजे डोंबिवलीतला कोणीतरी खणखणीत आवाजात "अरे गेला, गेला, जाळीत गेला" म्हणतोय, मी तरी पैसे देऊन ऐकेन.

तर माझा निकाल असा: घरात वयस्कर माणसं असतील आणि तीच जास्त बघणार असतील तर केबल किंवा युट्यूब टीव्ही ठेवा, पैसे जातील पण रोजची कटकट वाचेल. बाकीच्यांनी पहिल्या राउंडला आपल्या टीमचं लोकल काय आहे ते बघा, दुसऱ्या राउंडच्या आदल्या दिवशी दोन्ही ॲप घ्या, आधी नको, उगाच एक बिल वाढतं. मार्क देते: खर्चाला चार, चित्राला चार, "आज कशावर आहे" याला दोन, उशिराला शून्य. आणि ॲप घेतल्या घेतल्या त्याच बसणीला बंद करायची तारीख फोनमध्ये टाकून ठेवा, कारण माझ्या एका सर्व्हिसचं कॅन्सलचं बटण चार पानं आत होतं, प्रत्येक पानावर "नक्की ना?" विचारत होतं आणि शेवटच्या पानावर ठळक अक्षरातलं बटण होतं ते चालू ठेवायचं.